खुर्चीचे भाडे

कॉफी हा काही आमच्या ग्वाल्हेरचा पदार्थ नव्हे. इथली सकाळ उजाडते ती कचोरी, बेडई आणि चहाने. कॉफी म्हणून सर्वांना ठाऊक असते ती हिवाळ्यातल्या लग्नांत वाफेच्या यंत्रातून फसफसत निघणारी, वर कोकोची पूड भुरभुरलेली 'एस्प्रेसो'. तिचा इटलीतल्या एस्प्रेसोशी नावापलीकडे संबंध नाही. लष्करातल्या मराठी घरांत मात्र कॉफीची एक जागा ठरलेली होती. रात्री गाण्याची बैठक असली की मध्यंतराला जायफळ घातलेली, दाट दुधाची कॉफी यायची. माझे वडील संस्थानच्या अगदी अखेरच्या वर्षांत पोरसवदा वयात दरबारी चाकरीला लागले. मी त्यांचा उतारवयातला मुलगा, त्यामुळे दरबार माझ्या वाट्याला आला नाही. पण ती मध्यंतराची कॉफी मी पुष्कळ प्यायलो आहे. तिचे पैसे आमच्याकडे कोणी मागितले नाहीत. ते कोणीतरी दिलेले असत, एवढे नक्की.

हे 'कोणीतरी' म्हणजे कोण, हा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो, आणि त्याचे निमित्त आहे 'कॅफे कॉफी डे' ही कॉफीच्या दुकानांची साखळी. तिच्याविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. लिहिणाऱ्यांचे ढोबळ मानाने दोन पक्ष दिसतात. एकाला तिचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ हे सावकारांनी आणि करखात्याने गांजलेले उद्योगवीर वाटतात. दुसऱ्याला ते कर्जाच्या पैशावर अफाट पसारा मांडणारे एक धाडसी गृहस्थ वाटतात. दोन्ही पक्षांच्या लेखांत एक गोष्ट मला सापडत नाही. वीस-बावीस वर्षे या देशातली तरुण पोरे एकेका पेल्यावर तीन-तीन तास ज्या खुर्च्यांवर बसून राहिली, त्या खुर्च्यांचे भाडे कोण भरत होते?

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. सिद्धार्थ हे चिकमंगळूरच्या कॉफी मळेवाल्यांच्या घरातले. तिथल्या डोंगरांत कॉफीचे बी बाबा बुदन नावाच्या सुफी साधूने सतराव्या शतकात येमेनहून आणले अशी कथा आहे, आणि डोंगरालाही त्यांचेच नाव आहे. तरुणपणी सिद्धार्थांनी मुंबईस जे. एम. फायनान्शियल या पेढीत शेअरबाजाराचे धडे गिरवले, बंगळूरास परतून तोच व्यवसाय केला आणि त्या कमाईतून मळे वाढवले. त्या काळी मळेवाल्याला आपला माल मोकळ्या बाजारात विकण्याची मुभा नव्हती. कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात तो जमा करावयाचा आणि बोर्ड देईल ते पैसे घ्यावयाचे, असा रिवाज होता. 1990 नंतरच्या वर्षांत हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटले. 1993 साली सिद्धार्थांनी कॉफीच्या व्यापाराची कंपनी काढली, आणि 1996 साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर 'कॅफे कॉफी डे'चे पहिले दुकान उघडले. तिथे कॉफीबरोबर इंटरनेटही मिळे. घरोघरी संगणक नसलेल्या त्या दिवसांत ही मोठीच अपूर्वाई होती.

आता बंगळूर हे कॉफीचे गाव. तिथल्या दर्शिनीत उभ्या उभ्या पितळी नाहीतर स्टीलच्या पेल्यात अशी फिल्टर कॉफी मिळते की पिणाऱ्याने दुसरीकडे जाऊ नये. असे असताना लोक तिच्या कितीतरी पट पैसे मोजून या नव्या दुकानात का गेले? माझे उत्तर सरळ आहे: बसायला. दर्शिनीत कॉफी होती, बसणे नव्हते. सिद्धार्थांनी विकली ती खुर्ची. कॉफी ही तिची पावती. गंमत अशी की खुर्चीसुद्धा त्यांच्याच घरची होती. मळ्यांतल्या लाकडापासून सामान तयार करणारा कारखाना समूहाने काढला होता. बी आपले, भाजणे आपले, लाकूड आपले. एकच गोष्ट आपली नव्हती, ती म्हणजे खुर्चीखालची जमीन. ती प्रत्येक शहरात दुसऱ्याची, आणि तीही हमरस्त्यावरची, म्हणजे सगळ्यात महाग.

या खुर्चीची थोरवी पुरुषांना पुरती कळलेली नाही असे मला वाटते. आमच्यासारख्या शहरांत पुरुषाला बसायला जागांचा तोटा कधीच नव्हता. चहाची टपरी आहे, पानाचे दुकान आहे, बाड्यावर कठडा आहे. वीस वर्षांच्या मुलीने मैत्रिणीबरोबर, किंवा एकटीने, वही उघडून तासभर कुठे बसावे? देवळात फार तर. मी गाणे शिकवतो. क्लास सुटल्यावर माझ्या विद्यार्थिनी आजच्या चिजेवर वाद घालण्यासाठी जवळच्या एका कॉफीच्या दुकानात जात. दुकान कोणाचे होते ते सांगण्याचे कारण नाही. तेथे काच होती, दिवा होता, भाव लिहिलेली पाटी होती, आणि "कोणाबरोबर आलीस?" असे विचारणारे कोणी नव्हते. घरी सांगता येईल अशी ती जागा होती. एकीने तिथे बसून यमनच्या आलापीची जी टिपणे काढली, ती मी वर्गात सांगितल्यापेक्षा नीटस होती. ज्यांना या दुकानांत केवळ चंगळ दिसते, त्यांनी आपल्या मुलीला विचारून पाहावे.

असो. खुर्ची थोर होती, पण तिचा खर्च होता. एका टेबलाशी दोघेजण एक पेला वाटून घेत तीन तास बसले तर दुकानदाराला काय सुटते, हा त्रैराशिकाचा प्रश्न चौथीतला मुलगाही सोडवील. कॅफे कॉफी डेची दुकाने मुख्यत्वे कंपनीच्याच मालकीची आणि कंपनीच चालवीत असलेली होती. म्हणजे प्रत्येक नव्या दुकानाला नवी अनामत, नवे भाडे, नवे नोकर, नवे यंत्र. दुकान जम धरीपर्यंत ते पोसावयाचे. एक दुकान जम धरते न धरते तोच दहा नवी काढलेली.

याहून वेगळा एक मार्ग असतो, त्याला फ्रँचाइज म्हणतात. आपण त्याला नावाचा मक्ता म्हणू. नाव, दाणे, कृती आणि शिकवण मूळ मालकाची; जागा, भाडे, नोकरांचे पगार आणि नुकसान स्थानिक माणसाचे; विक्रीतला ठरलेला हिस्सा मूळ मालकाला. 2000 साली दिल्लीत निघालेली 'बरिस्ता' ही साखळी पुढे मुख्यतः याच वाटेने वाढली. तिची कथाही ऐकण्यासारखी आहे. 2001 मध्ये टाटा कॉफीने तिच्यात हिस्सा घेतला, 2004 मध्ये ती शिवशंकरन यांच्या स्टर्लिंगकडे गेली, 2007 मध्ये इटलीच्या लवाझाने घेतली आणि 2014 मध्ये लवाझाने ती कार्नेशन हॉस्पिटॅलिटीला विकून टाकली. चौदा वर्षांत इतके धनी! आमच्यात एखाद्याने इतक्या उस्तादांचे गंडे बांधले तर त्याला कोणी आपला म्हणत नाही. पण बरिस्ता टिकली, आणि नावाच्या मक्त्यावर पुन्हा वाढली.

म्हणून मक्त्याची पद्धत श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. तिच्यात मालकाच्या डोक्यावरचा बोजा जातो, पण तो हवेत विरत नाही. एका मोठ्या घरातला धोका शेकडो लहान घरांत वाटला जातो, इतकेच. मोठी कंपनी बुडाली की वर्तमानपत्रात मथळा येतो. एखाद्या निवृत्त कारकुनाने फंडाचे पैसे घालून मक्ता घेतला आणि दोन वर्षांत दुकानाला कुलूप लावले, तर त्याची बातमी त्याच्या व्याह्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. खुर्चीचे भाडे द्यावे लागतेच. प्रश्न फक्त कोणाच्या खिशातून, हा.

शाखा काढाव्या कशा, त्या कोणाच्या जिवावर चालाव्या, हा प्रश्न आम्हा गाणारांच्या ओळखीचा आहे. ग्वाल्हेरची गायकी हद्दूखाँ-हस्सूखाँच्या काळात या एका शहराची होती. वासुदेवबुवा जोशींकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घेतली आणि महाराष्ट्रात नेली. मिरजेस त्यांच्या हाताखाली विष्णु दिगंबर पलुसकर तयार झाले. इथवर शाखा वाढली ती माणसागणिक: एक गुरू, चार शिष्य. विष्णु दिगंबरांनी जे केले ते मात्र निराळे. 1901 साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, 1908 मध्ये मुंबईस दुसरे. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, परीक्षा, आणि शिक्षक तयार करण्यासाठी वेगळा उपदेशक वर्ग. गावोगाव एकच धडा, एकच स्वरलिपी. आजच्या भाषेत त्याला साखळीच म्हणावे लागेल, मग कोणी रागावो. आणि त्यांनाही तीच ठेच लागली. राजाश्रय नको, लोकाश्रय हवा, हा त्यांचा बाणा. पण मुंबईची इमारत उभी राहिली ती कर्जावर. हप्ते फिटेनात, आणि अखेर इमारत सावकारांच्या हाती गेली. 1931 साली विष्णु दिगंबर वारले. त्याच साली शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मंडळाने इमारतीचा हव्यास धरला नाही. गावोगावचे शिक्षक आपापल्या ओसरीत, माडीवर, शाळेच्या रिकाम्या खोलीत वर्ग चालवीत. मंडळ अभ्यासक्रम देई आणि परीक्षा घेई. प्रवेशिकेपासून अलंकारापर्यंतच्या त्या परीक्षा आजही देशभर चालू आहेत. माझे स्वतःचे पोट त्यांच्यावर चालते.

हा दाखला देताना मला पलुसकरांची आणि कॉफीच्या व्यापाऱ्याची बरोबरी करावयाची नाही. एक संन्यस्त वृत्तीचा गायक, दुसरा शेअरबाजारात वाढलेला उद्योजक. पण भाड्याचा आणि व्याजाचा हिशेब साधूला आणि व्यापाऱ्याला सारखाच लागू होतो. शिकवण स्वस्तात पसरते, भिंती पसरत नाहीत. दुकानाच्या भिंती ज्याने स्वतःच्या अंगावर घेतल्या, त्याला एक तर अमाप गिऱ्हाईक हवे, नाहीतर अमाप कर्ज.

गिऱ्हाईक होते, अमाप नव्हते. कर्ज मात्र मिळत गेले. 2010 मध्ये के. के. आर. आणि इतर परदेशी भांडवलवाल्यांनी समूहात सुमारे 960 कोटी रुपये घातले. 2015 साली भागविक्री झाली, 328 रुपयांना एक भाग या दराने 1,150 कोटी उभे राहिले. त्या वेळी समूह तोट्यात होता, आणि बाजारात नोंद झाली त्या पहिल्याच दिवशी भाव सतरा टक्क्यांहून अधिक घसरला. बाजाराने इतके स्पष्ट सांगूनही दुकाने वाढतच राहिली. 2019 च्या आरंभी ती 1,700 च्या वर होती. याशिवाय कचेऱ्यांतून ठेवलेली कॉफीची यंत्रे पन्नास हजारांवर, आणि कॉफीशी संबंध नसलेले बाकीचे संसार वेगळे: तंत्रज्ञान-नगरी, मालवाहतूक, बंदरे, शेअरदलाली, विश्रामगृहे. गाणाऱ्याने ख्याल सोडून एकाच मैफलीत पखवाज, कथक आणि जादूचे प्रयोगही सादर करावेत तसा हा प्रकार. मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या जोडधंद्यांतला माइंडट्री या संगणक कंपनीतला हिस्सा फार फायद्याचा ठरला. 2019 च्या वसंतात तो लार्सन अँड टुब्रोला तीन हजार कोटींहून अधिक रकमेला विकला गेला. म्हणजे तरुणांच्या खुर्चीचे भाडे काही काळ संगणकवाल्यांच्या घामातूनही निघाले म्हणावयाचे.

तेवढ्याने भागले नाही. समूहाचे कर्ज सात हजार कोटींच्या आसपास होते. 29 जुलै 2019 च्या संध्याकाळी सिद्धार्थ मंगळूरजवळ नेत्रावतीच्या पुलावर गाडीतून उतरले. दोन दिवसांनी नदीत त्यांचा देह मिळाला. त्यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या पत्रात सावकारांच्या आणि एका भांडवलदार भागीदाराच्या तगाद्याचा आणि प्राप्तिकर खात्याकडून झालेल्या छळाचा उल्लेख होता. खात्याने आपली कारवाई कायद्याला धरून होती असे सांगितले. या मृत्यूविषयी मला अधिक काही लिहावयाचे नाही. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले, आणि त्यातले बरेचसे लिहिले नसते तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. समूहातील कंपन्यांना सिद्धार्थांच्या खासगी मळे-कंपनीकडून 2,693 कोटी रुपये येणे निघते असे त्यात नमूद होते. जानेवारी 2023 मध्ये सेबीने या पैशांच्या वळवावळवीबद्दल कंपनीला 26 कोटींचा दंड केला. सारांश, हिशेबाच्या वह्या सरळ नव्हत्या. उद्योगवीर म्हणणाऱ्या पक्षाने हे कागद वाचावेत.

आणि दुसऱ्या पक्षाने त्यापुढची पाने वाचावीत. डिसेंबर 2020 मध्ये सिद्धार्थांच्या पत्नी मालविका हेगडे कंपनीच्या मुख्य अधिकारी झाल्या. त्या एस. एम. कृष्णा यांच्या कन्या; कृष्णा कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते, आणि 2004 ते 2008 महाराष्ट्राचे राज्यपाल, म्हणून आपल्याकडेही नाव परिचित. काळ कसा, तर महासाथीचा. दुकाने ओस, भाडे चालू. बंगळूरची तंत्रज्ञान-नगरी ब्लॅकस्टोनला विकून मोठे देणे आधीच भागवले जात होते. बाईंच्या कारकिर्दीत दुकानांची छाटणी निष्ठुरपणे चालू राहिली. 2021 च्या मार्चमध्ये दुकाने पावणेसहाशेच्या घरात आणि कर्ज सुमारे अठराशे कोटींवर आले होते; 2024 मध्ये दुकाने साडेचारशेच्या आसपास उरली. कचेऱ्यांतली यंत्रे मात्र बहुतांश राखली, कारण यंत्राला खुर्ची लागत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने मूळ कंपनीला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत घातले. अपील न्यायाधिकरणाने प्रथम त्याला स्थगिती दिली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो हुकूम रद्द केला. तलवार मानेवरून गेली म्हणा, किंवा थोडी वर सरकली म्हणा.

सतराशेतून साडेबाराशे दुकाने बंद करणे हे अपयश आहे असे अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. घरातला कर्ता गेला, देणेकरी दारात उभे, अशा वेळी "नाव राहिले पाहिजे" म्हणून तोच थाट चालू ठेवणारी घराणी आम्ही संस्थानी शहरांतल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. हवेली मोडकळीला येते, नोकरांचे पगार थकतात, पण दसऱ्याची स्वारी निघालीच पाहिजे. 1948 मध्ये ग्वाल्हेर मध्यभारतात विलीन झाले आणि 1971 मध्ये राजांचे तनखेही गेले, तेव्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांतले जे तगले ते शिकवण्या धरणारे, आकाशवाणीवर जाणारे. जे दरबार परत भरेल म्हणून वाट पाहत बसले त्यांची वाद्ये शेवटी बाजारात गेली. मालविकाबाईंनी स्वारी बंद केली आणि घर राखले. यात शहाणपण आहे, आणि धैर्यही.

पण छाटणीत गेले ते काय, हेही पाहिले पाहिजे. जी दुकाने बंद झाली त्यांतली कित्येक आमच्यासारख्या मधल्या शहरांत होती, जिथे भाडे निघत नव्हते आणि गरज मोठी होती. मुंबईत 2012 मध्ये हॉर्निमन सर्कलपाशी टाटांबरोबर स्टारबक्स आली, त्यानंतर आणखी कितीतरी नव्या पेढ्या निघाल्या. त्यांच्या पेल्याची किंमत ऐकून आमचे विद्यार्थी हसतात, आणि ते हसणे आनंदाचे नसते. नव्यांपैकी पुष्कळ जणांचा जीव घरपोच पेल्यावर आणि उभ्याच्या खिडकीवर आहे. व्यापाराच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच आहे. सिद्धार्थांच्या हिशेबवहीतून त्यांनी घेतलेला धडा हाच, की कॉफी विका, खुर्ची विकू नका.

खुर्ची टिकवण्याचा आणखी एक प्रयोग या देशात फार आधी झाला आहे, आणि तो अजून चालू आहे. कॉफी खपावी म्हणून 1936 साली मुंबईस चर्चगेटला सरकारी कॉफी समितीने 'इंडिया कॉफी हाउस' उघडले. पुढे देशभर शाखा झाल्या. स्वातंत्र्यानंतर कॉफी बोर्डाने त्या बंद करावयाचे ठरवले आणि वाढप्यांवर घरी बसण्याची पाळी आली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. 1957 च्या ऑगस्टात बंगळूरची संस्था निघाली, ऑक्टोबरात दिल्लीस 'इंडियन कॉफी हाउस' सुरू झाले. जबलपूरच्या संस्थेच्या शाखा आमच्या मध्यप्रदेशात ठिकठिकाणी आहेत. इथे स्टेशन रोडवरही आहे. तीच तुऱ्याची पगडी, तोच रुंद पट्टा, तोच डोसा. कॉफी मध्यम, असे मी पूर्ण विचाराने लिहितो. पण "उठा" असे कोणी म्हणत नाही.

तिथे खुर्चीचे भाडे कोण देते? बाहेरच्या भागधारकाला द्यावयाचा नफा नाही. सजावटीवर खर्च नाही. शाखा वाढतात त्या सोसेल तितक्याच, आणि अनेक ठिकाणी जागा जुनी. जे उरते ते पगडीवाल्यांचे. म्हणजे उत्तर असे की वाढपीच मालक असल्याने आपल्या मालकीतूनच तो ते भरतो. काही शहरांत या संस्था डबघाईला आल्या, काही ठिकाणी वाद झाले, हे खरे. सहकाराला दैवी गुण चिकटवण्याची मला हौस नाही. तरी 1957 पासून आजतागायत त्यांनी दुसऱ्याच्या पैशावर पाहुणचार केला नाही, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

दरबारची गोष्ट काढली म्हणून तिचाही हिशेब पुरा करतो. वडिलांना पगाराबरोबर शिधा मिळे, आणि ते नेहमी "महाराजांचे अन्न" म्हणत. महाराज नांगर धरीत नव्हते. तो शिधा मुरेना-भिंडच्या शेतकऱ्याच्या सारामधून येई. त्या शेतकऱ्याने दरबारी कानडा कधी ऐकला असेल असे मला वाटत नाही. कॉफीच्या दुकानातल्या आमच्या पोरांनाही ठाऊक नव्हते की आपल्या तिसऱ्या तासाचे पैसे कोणा बँकेच्या ठेवीदाराचे किंवा 328 रुपयांना भाग घेऊन बसलेल्या एखाद्या पेन्शनराचे आहेत. त्यांना दोष द्यावयाचा नाही. पाहुण्याने यजमानाचा जमाखर्च विचारू नये ही आपली रीतच आहे. पण शहराने तो विचारावा. ज्या शहराला आपली मुलेमुली कुठेतरी निवांत, उजेडात, संशयाविना बसावीत असे वाटते, त्याने त्या बसण्याचा खर्च बंगळूरच्या कर्जावर टाकून मोकळे होऊ नये. परवडेना झाले की बंगळूर दुकान उचलून नेणारच, आणि त्याचे बोलणे ऐकून घेण्याखेरीज आपल्या हाती काही राहणार नाही.

लष्करात मराठी मंडळींच्या संस्थांना तोटा नाही. त्यांतल्या एका मंडळाचे तळमजल्यावरचे सभागृह मला रोज येताजाता दिसते. गणेशोत्सवाचे दिवस, दोन-चार व्याख्याने आणि लग्नसराई सोडली तर दुपारी दोन ते सात त्याला कुलूप असते. जागा मंडळाची, म्हणजे भाडे नाही; वीस खुर्च्या आहेत, पंखे आहेत, स्वयंपाकघर आहे. एक बाई कॉफी-चहा करायला आणि एक मुलगा पेले विसळायला, एवढाच पगार. पेल्याला पंचवीस रुपये ठेवले आणि दिवसाला साठ पेले खपले तर दूध, साखर, गॅस आणि दोघांचे पगार निघतात; मी दूधवाल्याला आणि किराणावाल्याला विचारून हिशेब मांडला आहे. जायफळ मी देईन. हा हिशेब मी मंडळाच्या चिटणीसांना दिवाळीपूर्वी नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "पण मुले तासन्‌तास बसून राहिली तर?" मी म्हटले, "त्यासाठीच." कार्यकारिणीची सभा अद्याप व्हावयाची आहे.